जमणे, मिळणे, भरणे : ‘गॅदर’ या क्रियापदाची मराठीतील वाटणी आणि नाशिकचा इतिहास

१

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत हिवाळ्याच्या सुमारास ‘गॅदरिंग’ होते. छापील निमंत्रणपत्रिकेवर त्याचेच नाव ‘स्नेहसंमेलन’ असते. त्याच विद्यार्थ्यांपैकी पाचजण गावातील चौकात काही मागणी घेऊन उभे राहिले, तर पोलिसांच्या कागदावर त्यांचा ‘जमाव’ होतो. इंग्रजीत या दोन्ही प्रसंगांसाठी ‘गॅदर’ हे एकच साधे, घरगुती क्रियापद पुरेसे आहे. मराठीत मात्र पहिल्याला संस्कृत मिल् धातूचा मान मिळतो आणि दुसऱ्याला अरबीतून आलेल्या ‘जमा’चा हिशेब लागतो. एका भाषेतील एक क्रियापद दुसऱ्या भाषेत अनेकांत वाटले जावे यात विशेष काही नाही. कोणत्याही दोन भाषांच्या कोशात असे पदोपदी घडते. पण ही वाटणी केवळ अर्थच्छटांनुसार झाली आहे, की एकत्र येणारे लोक कोण आहेत यानुसारही झाली आहे, हा प्रश्न कोशाच्या कक्षेबाहेरचा आणि इतिहासाच्या कक्षेतला आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार नाशिक या एका स्थळाच्या आधारे करावयाचा आहे.

नाशिक निवडण्याचे कारण उघड आहे. माणसे एकत्र येण्याच्या जितक्या रीती मराठी समाजाला ठाऊक आहेत, त्यांपैकी बहुतेकींचा ठसा या एका गावावर उमटलेला आहे. दुसऱ्या शतकातील लेण्यांतला भिक्षुसंघ आणि विणकरांचे निकाय, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ, १९०० सालचा मित्रमेळा, १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १९४२, २००५ व २०२१ ची साहित्य संमेलने ही सारी येथलीच. या प्रत्येक प्रसंगी लोक ‘एकत्र आले’ एवढेच म्हणून भागत नाही. ते कोणत्या क्रियापदाने आले, हे पाहावे लागते.

२

प्रथम अर्थक्षेत्राची आखणी करू. ‘गॅदर’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीतील असून ‘टुगेदर’ या शब्दाशी त्याचे सख्खे नाते आहे. त्याच्या मुळाशी ‘जुळणे, योग्य बसणे’ असा अर्थ असावा आणि चांगले या अर्थाचा ‘गुड’ हा शब्दही त्याच कुळातला असावा, असे व्युत्पत्तिशास्त्रात मानले जाते. या क्रियापदाच्या व्याप्तीत फुले, लाकडे, माहिती, माणसे, धूळ, वेग, शिवणातल्या चुण्या आणि अखेर अनुमानही येते. मराठीत आपण फुले वेचतो, लाकडे गोळा करतो, माहिती जमवतो. माणसे जमतात, धूळ साचते, गाडी वेग घेते, कापडाला चुण्या घालतात आणि अनुमानाच्या ठिकाणी आपण ‘असे दिसते’ म्हणतो. मराठी बोलणाऱ्याला या विभागणीचा भार जाणवत नाही. वेचण्यात निवड आहे, गोळा करण्यात आकार आहे, साचण्यात काळ आहे. एकत्र येण्याची कृती कोणत्या बाजूने पाहिली, यावर मराठीचे क्रियापद ठरते.

माणसांच्या बाबतीत तीन क्रियापदे प्रमुख आहेत. पहिले ‘भरणे’. बाजार भरतो, शाळा भरते, यात्रा भरते, दरबार भरतो, सभा भरते. या प्रयोगांत माणसे कर्ता नाहीत. एक रिकामी जागा, एक ठरलेली वेळ आहे आणि ती भरून जाते. आठवड्याचा बाजार ठरल्या वारी भरतोच, त्याला कोणी भरविले असे विचारावे लागत नाही. दुसरे ‘मिळणे’. यातून मेळ, मेळा, मेळावा आणि संस्कृत वळणाने संमेलन हे शब्द आले. येथे केंद्र जागा नसून परस्परसंबंध आहे. नदी नदीला मिळते, सूर सुराला मिळतो, स्वभाव स्वभावाशी मिळतो. मिळण्यासाठी दोन पक्ष लागतात आणि मिळाल्यावर त्यांच्यात काही सामाईक उरते. तिसरे ‘जमणे’. याचे नाते ‘जमा’ या अरबी शब्दाशी लावले जाते. त्याच मुळातून जमात, जमाखर्च आणि जमाबंदी हे शब्द आले. शुक्रवारच्या सामुदायिक नमाजाचा जुमा आणि ती जेथे होते ती जामा मशीदही त्याच मुळातली. धार्मिक समुदायापासून महसुली हिशेबापर्यंत पसरलेल्या या मुळातील मराठीत प्रबळ झालेला धागा मोजदादीचा आहे. जे जमते ते वाढते आणि मोजता येते.

राज्यसंस्थेच्या भाषेतील दोन शब्द या संदर्भात शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ‘जमाबंदी’ म्हणजे महसुलाची आकारणी ठरविणे. ‘जमावबंदी’ म्हणजे माणसांना एकत्र येण्यास मनाई करणे. पहिल्यात ‘बंदी’ म्हणजे बांधणी, दुसऱ्यात मज्जाव. धन जमावे आणि जन जमू नयेत, या राज्यकारभाराच्या दोन नित्य चिंता एकाच मुळातून निघालेल्या आणि एका अक्षराने वेगळ्या पडलेल्या शब्दांत सामावल्या आहेत.

या तिन्ही क्रियापदांना प्रयोजक रूपे आहेत : भरविणे, मिळविणे, जमविणे. पुढील विवेचनात या रूपांना विशेष महत्त्व येईल. कारण ‘लोक जमले’ आणि ‘लोक जमविले’ यांत केवळ व्याकरणाचा फरक नाही. दुसऱ्या वाक्यात लोकांचा कर्तेपणा काढून घेतला जातो आणि तो कोणा अनुल्लेखित पुढाऱ्याकडे सोपविला जातो.

३

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांत एकत्र येण्याची एक जुनी शब्दावली शाबूत आहे. नहपानाचा जावई उषवदात याच्या दहाव्या लेण्यातील लेखात गोवर्धन येथील विणकरांकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याचा उल्लेख आहे. त्यांपैकी दोन हजार एका कोलिक निकायाकडे दरमहा शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसऱ्या निकायाकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब चोख आहे : महिना वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. हे सारे निगमसभेत वाचून दाखविले व नोंदविले गेले. एका लहानशा लेखात भिक्षूंचा संघ, विणकरांचा निकाय आणि नगराची निगमसभा असे तीन प्रकारचे समूह येतात आणि त्या तिघांतही एक व्यवहार ठरतो. एकत्र येणे येथे विश्वासार्हतेचे लक्षण आहे. ठेव एकट्यादुकट्या विणकराकडे ठेवलेली नाही. ती निकायाकडे आहे, कारण व्यक्ती मरते आणि निकाय टिकतो.

‘निकाय’ हा शब्द नि + चि यावरून आला. चि म्हणजे वेचणे, रचणे, गोळा करणे. ‘गॅदर’चा याहून जवळचा संस्कृत पर्याय सापडणे कठीण. या शब्दाविषयी पाणिनीने एक अट घातली आहे. अष्टाध्यायीतील ३.३.४२ या सूत्रानुसार संघ या अर्थी चि धातूतील च चा क होऊन ‘निकाय’ हे रूप सिद्ध होते, पण जेथे ‘औत्तराधर्य’ नसेल तेथेच. औत्तराधर्य म्हणजे वर-खाली असणे, एकावर एक रचले जाणे. काशिकावृत्तीने भिक्षुकांचा समूह हे ‘निकाया’चे उदाहरण दिले आहे आणि एकमेकांच्या अंगावर पडलेल्या डुकरांचा ढीग हा ‘निचय’ म्हटला आहे. वैयाकरणांना येथे समाजशास्त्र सांगायचे नव्हते; त्यांच्यापुढे रूपसिद्धीचा प्रश्न होता. तरीही एकाच धातूतून निघालेल्या दोन नामांमधील सीमारेषा त्यांना वर-खालीपणावर आखावी लागली, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. ज्यांच्यात कोणी कोणाच्या डोक्यावर नाही तो निकाय. ज्यांच्यात आहे तो ढीग.

असाच दुसरा भेद ‘समाज’ या शब्दाचा. सम् + अज्, म्हणजे एकत्र हाकणे. पशूंच्या बाबतीत ‘समज’ आणि इतरांच्या बाबतीत ‘समाज’, असा भेद पाणिनीने ३.३.६९ मध्ये केला. ज्या शब्दावर आज आपली सारी सामाजिक शास्त्रे उभी आहेत, त्याच्या मुळाशी गुराख्याची काठी आहे. युरोपातही वेगळे घडले नाही. ‘काँग्रिगेशन’च्या मुळाशी लॅटिनमधील कळपवाचक शब्द आहे. आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला याहून जवळचे उदाहरण आपल्याच भाषेत आहे. गाई उभ्या राहतात तो गोष्ठ, तेथे लोक बसून बोलू लागले ती गोष्ठी, आणि त्या गोष्ठीची मराठीत झाली ‘गोष्ट’. कथेचे आपले अगदी साधे नाव एकत्र येण्याच्या जागेवरून आलेले आहे.

‘समाज’ हा शब्द प्राचीन काळी मेळा, उत्सव, खेळतमाशा या अर्थी रूढ होता. अशोकाने आपल्या पहिल्या शिलाशासनात अशा समाजांना मनाई केली; काही समाज मात्र राजाला मान्य आहेत, असेही तेथे म्हटले आहे. जमावबंदीच्या आदेशाचा आणि त्यातील अपवादाचा हा बहुधा आपल्याकडील सर्वात जुना नमुना ठरावा. उलट नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातील, पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील लेखात गौतमी बलश्रीने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याच्या गुणवर्णनात तो उत्सव व समाज करविणारा होता असे आवर्जून नोंदविले आहे. एक राजा समाजांना आळा घालतो, दुसऱ्याच्या स्तुतीत समाज भरविणे हा गुण ठरतो. दोहोंतही समाज करू देणे किंवा न देणे हा राजाचा अधिकार गृहीत धरला आहे.

४

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी कायदा मराठीत आला, तेव्हा ही जुनी शब्दावली त्याच्या साच्यात बसविण्याचे काम अनुवादकांना करावे लागले. कायद्याचा शब्द ‘गॅदर’ नव्हता, ‘असेंबल’ होता. घरगुती आणि दरबारी शब्दांची इंग्रजीतील ही जोडी फ्रेंच राजवटीची देणगी. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम १४१ प्रमाणे पाच किंवा अधिक माणसांचा समान उद्देश कलमात सांगितलेल्या प्रकारांपैकी असेल, तर तो बेकायदेशीर जमाव होतो. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात आणखी एक तरतूद आहे : जमताना जो जमाव कायदेशीर होता, तो नंतर बेकायदेशीर होऊ शकतो. १८९८ च्या आणि पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १४४ ने दंडाधिकाऱ्याला मनाईचा अधिकार दिला. १ जुलै २०२४ पासून हीच कलमे भारतीय न्याय संहितेत १८९ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ या क्रमांकांनी नांदत आहेत. आकडे बदलले, पण ‘जमाव’ आणि ‘जमावबंदी’ हे मराठी शब्द टिकून आहेत.

कायद्याला ‘भरणे’ आणि ‘मिळणे’ ही क्रियापदे उपयोगाची नव्हती, याची कारणे त्या क्रियापदांतच आहेत. ‘भरणे’ला कर्ता नाही, त्यामुळे आरोपी सापडत नाही. ‘मिळणे’त सद्भाव गृहीत आहे, त्यामुळे गुन्हा सापडत नाही. ‘जमणे’ मात्र मोजता येते आणि कायद्याला पाचाचा आकडा मोजायचाच होता. त्यामुळे ‘जमाव’ हा शब्द शासनाच्या वापरात पक्का झाला आणि संशयाची छटा त्याला कायमची चिकटली. आज ‘जमाव’ म्हटले की पाठोपाठ ‘पांगविला’ हे क्रियापद आपोआप येते. यात्रेचा जमाव कोणी पांगवीत नाही, कारण यात्रेत जमाव नसतोच; तेथे असते ती ‘गर्दी’.

गोष्ट अशी की, १९५० च्या संविधानाने कलम १९ मध्ये शांततेने व निःशस्त्र एकत्र येण्याचे स्वातंत्र्य दिले, तेव्हा मराठी अनुवादात त्यासाठीही ‘जमणे’ हेच क्रियापद आले. हक्क आणि अपराध यांना एकच क्रियापद मिळाले. कलमाने नाम ‘जमाव’ असे न योजता ‘एकत्र जमणे’ अशी क्रिया योजली, एवढाच फरक. पण हा फरक लहान नाही. क्रियेत माणसे अजून कर्ती असतात. नामात त्यांचा पदार्थ झालेला असतो.

सिंहस्थाचा प्रसंग येथे तपासून पाहण्याजोगा आहे. गुरू सिंह राशीत आला की नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे ही पर्वणी येते. स्नानाच्या मानावरून आखाड्यांत झालेले रक्तपाती तंटे पेशवाईच्या काळी सरकारदरबारी गेले, आणि पुढे शैव आखाड्यांचे स्नान त्र्यंबकेश्वरी व वैष्णवांचे नाशिकच्या रामकुंडावर अशी व्यवस्था स्थिरावली. म्हणजे ज्याला आपण मेळा म्हणतो त्यातही सगळे सगळ्यांशी ‘मिळत’ नव्हते. भाषेत मात्र सिंहस्थ नेहमी ‘येतो’, मेळा नेहमी ‘भरतो’. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या दिवशी नाशिकच्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मरण पावले. तेव्हाही तो ‘जमाव’ झाला नाही, ‘गर्दी’च राहिली. गर्दीला उद्देश नसतो, म्हणून ती निरपराध. पण तिला कर्ताही नसतो, म्हणून तिच्यातील मृत्यूचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते हेही भाषा सांगत नाही. ‘भरणे’ या क्रियापदाचा निष्पापपणा येथे अडचणीचा ठरतो.

५

‘मेळा’ या शब्दाचा निष्पापपणा जाणीवपूर्वक वापरला गेला तोही नाशिकातच. १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले आणि त्यात गाणी म्हणणाऱ्या तरुणांच्या पथकांना ‘मेळे’ म्हणू लागले. मोहरमच्या मिरवणुकीतील टोळ्यांचा नमुना या मेळ्यांपुढे होता, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. पुढे हेच माध्यम ब्राह्मणेतर चळवळीने छत्रपती मेळ्याच्या रूपाने ब्राह्मणी वर्चस्वावर उलटविले. म्हणजे तीन दशकांत ‘मेळा’ हा शब्द परस्परविरोधी पक्षांच्या हाती फिरला आणि प्रत्येकाला तो उपयोगी पडला.

विनायक दामोदर सावरकर, म्हसकर आणि पागे यांनी १८९९ च्या अखेरीस ‘राष्ट्रभक्तसमूह’ ही गुप्त संस्था काढली आणि १९०० च्या आरंभी तिचे उघड अंग म्हणून ‘मित्रमेळा’ स्थापन केला. ही दोन नावे शेजारी ठेवली म्हणजे शब्दनिवडीमागील विचार लक्षात येतो. ‘समूह’ हा संस्कृत, शास्त्रीय, हेतू उघड करणारा शब्द आत ठेवला आणि ‘मेळा’ हा गणपती उत्सवाच्या ओळखीचा शब्द बाहेर लावला. मित्रांचा मेळा म्हटल्यावर त्यात गाणे-बजावणे असणार, अशी समजूत आपोआप होते. गाणे होतेच, कवी गोविंद यांची पदे या मेळ्याने गावोगाव पोहोचविली. १९०४ मध्ये या संघटनेला ‘अभिनव भारत’ हे नाव मिळाले आणि समूहवाचक शब्द नावातून नाहीसा झाला.

पुढचा इतिहास परिचित आहे. गणेश दामोदर सावरकर यांना पदांच्या प्रकाशनाबद्दल जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. न्यायालयात मेळ्याचा ‘कट’ झाला आणि ‘नाशिक कट खटला’ या नावाने तो इतिहासात राहिला. १९०७ च्या राजद्रोही सभांविषयीच्या कायद्याने ‘सभा’ हा शब्दही संशयाच्या कक्षेत आणला होता. आपल्या विषयापुरता यातील निष्कर्ष असा की, एकत्र येणाऱ्यांना आपल्या कृतीचे नाव निवडता येते, पण ते नाव टिकविणे त्यांच्या हाती नसते.

६

काळाराम मंदिरापाशी हे सारे शब्द एकमेकांसमोर उभे ठाकले. रामनवमीला येथे यात्रा भरते, रथ निघतो. याच जागी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड हे त्याचे स्थानिक सूत्रधार. सुमारे पंधरा हजार माणसे आली होती. चौघाचौघांच्या रांगेने निघालेली मिरवणूक सुमारे मैलभर लांब होती. मंदिराचे दरवाजे बंद असल्याने ती गोदाकाठी गेली आणि तेथे तिची सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रहींच्या तुकड्या बसल्या. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. ९ एप्रिलला रथ ओढण्याविषयी झालेली तडजोड पाळली गेली नाही आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. नाशिकचेच वि. वा. शिरवाडकर विद्यार्थिदशेत या सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले होते.

आता क्रियापदे पाहा. यात्रेकरू मंदिरात ‘मिळतात’, यात्रा ‘भरते’. तेच मंदिर, तोच राम, तीच वाट. पण माणसे अस्पृश्य ठरविलेली असली की ती ‘जमतात’, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘जमविली जातात’. सत्याग्रहींनी मात्र या वाटणीला आपल्या कृतीतून उत्तर दिले. चौघांची रांग, मोजून पाठविलेली तुकडी, दरवाजापाशी बसणे, ही जमावाची लक्षणे नव्हेत. आपण ढीग नाही, निकाय आहोत, हे त्या रांगेचे म्हणणे होते. आणि मंदिराच्या दाराआड जी व्यवस्था होती ती नेमकी औत्तराधर्याची होती.

या चळवळीच्या शब्दावलीत ‘बसणे’ या क्रियेचे कुळ प्रबळ आहे, ही बाब माझ्या मते पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. ‘परिषद’ म्हणजे भोवताली बसणे. ‘बैठक’ स्पष्टच आहे. ‘जलसा’ आणि ‘मजलिस’ हे अरबी शब्दही बसण्याच्या धातूतले. नाशिक जिल्ह्यातून आलेल्या भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलशाची परंपरा घडविली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला परिषद भरली आणि तीत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्यांना इतरांसमोर बसण्याचा अधिकारच नाकारलेला होता, त्यांनी आपल्या एकत्र येण्याला बसण्याची नावे दिली. ही नावे त्या काळी सर्वत्र रूढ होती, ती मुद्दाम शोधून काढलेली नव्हती, हे मान्य करूनही म्हणावे लागते की ज्याच्या तोंडी शब्द येतो त्याच्या स्थितीप्रमाणे त्याचे वजन बदलते. येवल्याच्या घोषणेचा अर्थही या दृष्टीने लावता येईल. पाच वर्षे दरवाजापाशी बसूनही ‘मिळणे’ घडले नाही. तेव्हा न मिळणाऱ्यांशी मिळण्याचा आग्रह सोडणे हाच निर्णय उरला.

७

याच निष्कर्षाला वाङ्मयाच्या क्षेत्रात जोतीराव फुले पन्नास वर्षे आधी आले होते. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. १८८५ मध्ये पुन्हा सभा भरविण्याचे ठरले, तेव्हा रानड्यांनी पाठविलेल्या निमंत्रणाला फुल्यांनी दिलेले उत्तर ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले. माणसांचे मूलभूत हक्क जे मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपल्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. फुल्यांनी तेथे योजलेले शब्द ‘मेळ’ आणि ‘मिळणे’ हेच आहेत. सभा भरू शकते याविषयी त्यांना शंका नव्हती. ग्रंथकार जमतील हेही उघड होते. प्रश्न मिळण्याचा होता, आणि मिळण्यासाठी समपातळी लागते. पाणिनीच्या सूत्रातील अट फुल्यांनी लोकव्यवहाराच्या भाषेत पुन्हा सांगितली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

पुढे ‘ग्रंथकार सभे’चे ‘साहित्य संमेलन’ झाले. ‘सभा’ जाऊन ‘संमेलन’ आले, म्हणजे ज्या मिळण्याची शक्यता फुल्यांनी नाकारली होती, तेच मिळणे संस्थेच्या नावात गृहीत धरले गेले. नाशिकला १९४२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या, २००५ मध्ये केशव मेश्राम यांच्या आणि २०२१ मध्ये जयंत नारळीकर यांच्या अध्यक्षतेखाली संमेलने झाली. पहिल्या आणि दुसऱ्या अध्यक्षांच्या मधल्या काळात बाबूराव बागूल यांच्यासारखा कथाकार याच शहरात राहून लिहीत होता आणि दलित साहित्याने आपली स्वतंत्र संमेलने उभी केली होती. २०२१ च्या डिसेंबरात अखिल भारतीय संमेलनाबरोबरच विद्रोही साहित्य संमेलनही नाशिकातच झाले. एका शहरात एकाच सुमारास दोन संमेलने व्हावीत, यातच ‘सम्’ या उपसर्गाची मर्यादा व्यक्त होते. तरीही दोन्ही बाजूंनी ‘संमेलन’ हाच शब्द ठेवला, हेही विसरता कामा नये. विरोधकांनाही तो शब्द सोडून द्यावासा वाटला नाही. त्यांचा दावा शब्दाविरुद्ध नसून त्या शब्दावरील मालकीविरुद्ध आहे.

८

वरील विवेचनातून दोन गोष्टी हाती येतात. एक म्हणजे, ‘गॅदर’ या एका क्रियापदाची मराठीतील वाटणी अर्थच्छटांपुरती नाही. तिच्यात सामाजिक स्थान, शासनाची दृष्टी आणि कर्तेपणाची देवघेव मिसळलेली आहे. उत्सवाला ‘भरणे’, प्रतिष्ठितांना ‘मिळणे’ आणि उरलेल्यांना ‘जमणे’ अशी जी ढोबळ विभागणी एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत स्थिर झाली, तिला कायद्याच्या भाषेने बळ दिले. ती अटळ मात्र नव्हती. नाशिकच्या लेण्यांतील लेख दाखवितात की समूहाची वेगळी, जबाबदारीवर आधारलेली शब्दावली या भूमीत एकेकाळी होती.

दुसरी गोष्ट इतिहासलेखन आणि समीक्षा यांच्या पद्धतीविषयी आहे. आपल्याकडे चळवळींचा इतिहास लिहिताना ‘जमाव’, ‘जनसमुदाय’, ‘लोक’, ‘मंडळी’ हे शब्द पर्यायी म्हणून वापरले जातात. शैलीत पुनरुक्ती नको म्हणून लेखक एका परिच्छेदात चारही शब्द योजतो. पण पोलिसी कागदातील ‘जमाव’ उचलून आपल्या वाक्यात ठेवणारा अभ्यासक, त्या कागदाची दृष्टीही नकळत उचलत असतो. काळारामच्या दारातील १५० माणसांना कोणता शब्द लावायचा, हा शैलीचा प्रश्न नसून पुराव्याच्या मूल्यमापनाचा प्रश्न आहे.

समीक्षेच्या बाजूने एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. आपण ‘कविता जमली’, ‘गोष्ट जमली नाही’ असे सहज म्हणतो. येथे ‘जमणे’ला संशयाचा स्पर्श नाही, उलट घटक एकमेकांशी बरोबर बसले, असा गुणनिर्देश आहे. ‘गॅदर’ आणि ‘गुड’ यांच्या कुळातील ‘योग्य बसणे’ हा अर्थ मराठी ‘जमणे’त स्वतंत्रपणे उगवलेला दिसतो. आणखी असे की, ‘मला जमले’ या प्रयोगात कर्ता चतुर्थीत जातो. जमणे ही तेथे केवळ इच्छेने केलेली क्रिया नसून प्रयत्नाअंती लाभलेली शक्ती असते. ‘लोक जमले’ हे वाक्य पोलिसांच्या नोंदीत बसते. ‘लोकांना जमले’ हे बसत नाही. पहिल्यात माणसे मोजली जातात, दुसऱ्यात त्यांचे सामर्थ्य मान्य केले जाते. विभक्तीच्या एका प्रत्ययाने पडणारे हे अंतर १९३० च्या मार्च महिन्यात नाशिकच्या रस्त्यावर प्रत्यक्ष चालून कापले गेले होते. आपल्या इतिहासलेखनाच्या वाक्यरचनेने ते अद्याप पुरते कापलेले नाही.